बरोबर कोण आहे?

केस पेपरच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?" ताई, भाऊजी आणि मी, तिघंही एकदम म्हणालो, "मी." तेव्हा त्यानं वर पाहिलं. "एकाचंच नाव लिहायचंय," म्हणाला. ताईनं स्वतःचं नाव सांगितलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मी दिवाळीला ताईकडे आले होते, भाऊबीज झाल्यावर आणखी दोन दिवस राहिले होते. पेशंट म्हणजे माझी भाची. पंधरा वर्षांची, दहावीत. त्या रात्री घरात काय घडलं ते मी इथे लिहिणार नाही. तिला जगणं नकोसं झालं होतं आणि आम्ही वेळेत पोचलो, एवढं पुरे. हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिला. तिनं दोन वाक्यं काढायला लावली आणि एक घालायला सांगितलं. ते हे: "मी सप्टेंबरपासून झोपत नव्हते, आणि घरात सगळ्यांना वाटायचं की मी अभ्यास करतेय."

ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, पण हाताचा पक्का. शरीराचा धोका त्यानं तासाभरात दूर केला. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "आता हिला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. आमच्याकडे ते मंगळवारी येतात." तो दिवस गुरुवार होता.

पोलीस केस झाली होती, म्हणून हवालदार आले. त्यांनी व्हरांड्यातच, इतर पेशंटच्या नातेवाइकांसमोर, तिला विचारलं, "प्रेमप्रकरण आहे का काही?" भाचीनं भिंतीकडे तोंड केलं, ते सकाळपर्यंत वळवलं नाही. त्यांनी मुद्दाम त्रास दिला असं मला वाटत नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना होता आणि तो भरायचा होता. पण मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 असं म्हणतं की, अशा माणसावर तीव्र ताण होता हे गृहीतच धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम 309 उरलेलंच नाही. व्हरांड्यातला प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

शुक्रवारी आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ होते, पण मुलांसाठी वेगळी जागा नव्हती. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळाली. शेजारच्या खाटेवरच्या आजी रात्रभर कुणाला तरी हाका मारत होत्या. सिस्टरनं दोन सलाइन स्टँडना चादर बांधून आडोसा केला. मला त्या सिस्टरचा हात धरून आभार मानावेसे वाटले, आणि त्याच वेळी रागही आला, की एका मुलीचं संरक्षण एका चादरीवर सोडलंय. रविवारी तिथून मोठ्या शहरातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयात, एकशेचाळीस किलोमीटरवर. तीन दिवसांत तीन रुग्णालयं, आणि तिन्ही ठिकाणी तिला तीच हकिगत पहिल्यापासून सांगावी लागली. तिसऱ्या वेळी तिचा आवाज सपाट झाला होता, पाढे म्हटल्यासारखा. नव्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं, 'भावना व्यक्त करत नाही.' मला सांगावंसं वाटलं, अहो, गुरुवारी केल्या होत्या की व्यक्त. तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं.

या शेवटच्या ठिकाणी मात्र मुलांसाठी सहा खाटांची वेगळी खोली होती. तिथे ती एकोणीस दिवस राहिली. पहिले सहा दिवस ताई होती, मग मी, मग आलटूनपालटून. भाऊजींना रात्री मुलींच्या बाजूला थांबता येत नव्हतं. ते गेटसमोरच्या धर्मशाळेत झोपायचे आणि सकाळी सहाला चहाचा थर्मास घेऊन उभे असायचे.

मी पतसंस्थेत नोकरी करते. उपविधी, परिपत्रकं वाचायची सवय आहे. वॉर्डात ट्यूबलाइट रात्रभर चालू असते आणि झोप येत नाही, तेव्हा मी मोबाइलवर तो कायदाच वाचून काढला. 2017 चा कायदा, 29 मे 2018 पासून लागू. त्यातलं कलम 87 अल्पवयीन मुलांबद्दल आहे. मी ते इतक्या वेळा वाचलं, की आजही झोपेतून उठवलं तर सांगेन. मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्याचा जाणकार किंवा डॉक्टर, यांनी स्वतंत्रपणे तपासायचं. मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवायचं. जागा अशी हवी, की दुसऱ्या आजारांसाठी दाखल झालेल्या मुलांना मिळते त्यापेक्षा ती कमी प्रतीची नसावी. दाखल केल्याचं बहात्तर तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. आणि मुलाबरोबर त्याचं एक माणूस पूर्ण वेळ राहिलंच पाहिजे. मुलगी असेल आणि तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे कायद्यानं तिच्या वतीनं बोलणारा, पुरुष असेल, तर त्यानं नेमलेली एक बाई.

खिडकीतल्या माणसाचा प्रश्न म्हणजे कायदाच होता तर. बरोबर कोण आहे?

ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही, हे मला नंतर कळलं. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं होतं. रुग्णालयात गर्दी मावत नव्हती, हातावर मोजण्याइतके कर्मचारी होते, पण त्या तंबूंमधून पेशंट लवकर बरे होऊन घरी जायला लागले, आणि घरच्यांना आजार म्हणजे काय ते कळायला लागलं. 1957 साली वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं मानसिक आरोग्य केंद्र सुरू झालं, तिथेही घरचं माणूस पेशंटसोबत राहण्याचीच रीत पडली. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मुलांच्या वॉर्डात आईबाप मुलासोबत राहतात. आपल्या समाजात दवाखान्यात एकटं कुणी राहत नाही. बाळंतपण असो की मोतीबिंदू, डबा घेऊन कुणीतरी येतं, रात्री कुणीतरी थांबतं. ही आपली खरी ताकद आहे असं मी मनापासून मानते.

पण या ताकदीला झोपायला जागा नाही. सहा खाटांच्या त्या खोलीत बारा माणसं होती. सहाजणांना गादी, चादर, जेवणाचं ताट. उरलेल्या सहाजणींना चटई, तीही घरून आणलेली. नोव्हेंबरच्या फरशीचा गारवा चटईतून वर येतो आणि पहाटे चारला कंबर धरते. जेवण पेशंटला मिळतं, सोबतच्या माणसाला नाही. आंघोळ सकाळी साडेपाचच्या आत, नंतर पाणी जातं. रात्री औषध दिल्यावर मुलं झोपतात, पण आपण कशा झोपणार? डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, "लक्ष ठेवा." म्हणजे श्वास मोजायचे. चौथ्या रात्रीनंतर मला समोरचे आकडे नीट दिसेनात. सहाव्या दिवशी ताई भाचीवर ओरडली, औषधाचा पेला सांडला म्हणून, आणि मग दोघीही रडल्या. अशा वेळी डॉक्टर सांगतात की घरच्यांनी शांत राहायला हवं. कबूल. पण सहा रात्री न झोपलेल्या बाईला शांत राहा म्हणून सांगणं आणि तिला एक खाट देणं, यातलं दुसरं जास्त सोपं आहे.

समोरच्या खाटेवर अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई वीटभट्टीवर कामाला जायची. पाचव्या दिवशी तिनं सामान बांधलं. डॉक्टरनं समजावलं, अजून दहा दिवस तरी हवेत. ती म्हणाली, "साहेब, हाजरी बुडतीय." सही केली आणि घेऊन गेली. फाइलवर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' असा शिक्का बसला. तो शिक्का मला अजून टोचतो. सल्ल्याला तिचा विरोध कुठे होता? तिच्याकडे दहा दिवस नव्हते, इतकंच.

आणि आपल्या राज्याला यावरचा उपाय माहीत नाही असंही नाही. मेळघाटासारख्या आदिवासी भागात कुपोषित मूल दवाखान्यात दाखल झालं, तर सोबत राहणाऱ्या आईबापांना 'बुडीत मजुरी' द्यायची पद्धत आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात आईसाठी जेवण असतं, रोजाची भरपाई असते. कारण मूल उपाशी असेल तर आईला थांबवून ठेवल्याशिवाय ते बरं होत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यानं ते कागदावर उतरवलं. मनानं कोसळलेल्या मुलाच्या आईला हाच न्याय का नसावा? कायदाच तिला सांगतो की तू हललीस तर चालणार नाही. मग तिचा रोज कुणी भरायचा?

त्या खोलीत सगळ्यात जास्त मी शिकले ते खिडकीकडच्या खाटेवरून. तिथे तेरा वर्षांची एक मुलगी होती, बालगृहातून आलेली. तिच्याबरोबर 'काळजीवाहक' यायच्या, बारा-बारा तासांच्या पाळीनं. कधी ही, कधी ती, एकदा तर कुणीच नाही, मग वॉर्डातल्या मावशींनी सांभाळलं. सकाळी आठला पाळी बदलायची. त्या वेळी ती खाटेवर उठून बसायची आणि दाराकडे बघत राहायची. नवी बाई आत आली की एकच प्रश्न: "तुम्ही किती वाजेपर्यंत?" नाव नाही, गाव नाही, फक्त किती वाजेपर्यंत. त्या बायका वाईट नव्हत्या. एकीनं स्वतःच्या पैशांनी तिला रिबिनी आणल्या होत्या. पण तिचं काल रात्री काय बिनसलं होतं, ती कशानं घाबरते, तिला वरणात गूळ लागतो, हे प्रत्येकीला नव्यानं कळायचं आणि पाळी संपली की तिच्याबरोबर निघून जायचं.

कायद्याचं कलम 15 मी तेव्हाच वाचलं. अल्पवयीन मुलाचा प्रतिनिधी त्याचा पालक. पालक योग्य नसेल तर मंडळ दुसरं योग्य माणूस नेमेल. तसं कुणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक, किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी. म्हणजे कागदावर त्या तेरा वर्षांच्या मुलीबरोबर एका खात्याचे संचालक उभे होते. मी हे कुणाची चेष्टा म्हणून सांगत नाही. कायद्यानं निदान ती जागा रिकामी ठेवलेली नाही. पण त्या जागेवर एक हाडामांसाचं माणूस हवं, रोज तेच, आणि मुलगी परत गेल्यावरही दर आठवड्याला तिला भेटणारं. बालगृहातल्या प्रत्येक अशा मुलासाठी एक ठरलेली ताई किंवा दादा, पगारी, शिकवलेला, बदली न होणारा. माझ्या हातात काही असतं तर मी इमारतीच्या आधी या माणसाची नेमणूक केली असती.

कारण आपल्याकडे सुधारणा म्हटलं की पहिली वीट रचली जाते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, ही आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. एकट्या येरवड्याची मंजूर क्षमता 2540 खाटांची. एवढ्या मोठ्या दगडी आवारात एखादं मूल ठेवायची वेळ यावी, ही कल्पनाच मला सोसत नाही. मुलांसाठी असंच एक भव्य काहीतरी कुठल्यातरी एका शहरात बांधलं, तर बाकीच्या जिल्ह्यांतली मुलं पुन्हा एकशेचाळीस किलोमीटरवर जाणार, आणि त्यांची आई पुन्हा फरशीवर. निम्हान्सनं केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वयातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. साधारण चौदा मुलांमागे एक. साठ मुलांच्या वर्गात चौघं. त्या सगळ्यांना वॉर्ड लागत नाही, बहुतेकांना लागतच नाही. ज्यांना लागतो त्यांना तो जवळ लागतो, लहान लागतो आणि थोडेच दिवस लागतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, बालरुग्ण विभागाला लागून, चार खाटा. प्रत्येक खाटेशेजारी दुसरी खाट. रात्री एक माणूस असा, जो फोनवर का होईना मानसोपचारतज्ज्ञाला जोडून देईल, आणि मुलाची हकिगत एकदाच नीट ऐकून लिहून ठेवेल, म्हणजे पुढच्या ठिकाणी ती पुन्हा सांगायला लागणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे, मराठीतही बोलतात. तो नंबर त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर सापाचं, डेंग्यूचं, कुटुंबनियोजनाचं चित्र होतं. हा नंबर नव्हता.

कलम 87 मधलंच आणखी एक वाक्य मला नंतर दिसलं, आणि ते वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. मुलाला दाखल तेव्हाच करावं, जेव्हा समाजात राहून करायचे सगळे पर्याय अपुरे पडलेत किंवा उघडच अयोग्य आहेत असं दिसलं असेल. भाची सप्टेंबरपासून झोपत नव्हती. सप्टेंबर, ऑक्टोबर, अर्धा नोव्हेंबर. या काळात कुठला पर्याय अपुरा पडला? कुठला वापरलाच नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री क्लिनिक'ची पाटी आहे. पाटीखालच्या दाराला मी दोनदा कुलूप पाहिलं. शाळेत समुपदेशक नाही. घरात आम्ही आहोत, पण आम्हाला दिवा चालू दिसला की अभ्यास दिसतो.

वॉर्डात शाळाही नव्हती. दहावीच्या मुलीसाठी ते एकोणीस दिवस म्हणजे काय, हे दहावीचं पोर घरात असलेल्यांना सांगायला नको. बाराव्या दिवशी तिनं आपणहून भूमितीचं पुस्तक मागितलं. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन बॅगेतून काढून आणलं. पण कंपासपेटी वॉर्डात चालत नाही. सिस्टर म्हणाल्या, "टोकदार काही देता येत नाही, बाळा." नियम योग्यच होता. भाची थोडा वेळ पुस्तक नुसतंच चाळत बसली. मग तिनं जेवणाच्या ताटातली स्टीलची वाटी पालथी घातली, वहीवर ठेवली आणि भोवतीनं खडूनं वर्तुळ काढलं. मेणाचा जाड खडू, तेवढाच चालायचा. मग दुसरं, तिसरं. पानभर वर्तुळं. "मावशी," म्हणाली, आणि मी आणि वॉर्डातल्या मावशी दोघीही वळलो. "वाटीच्या वर्तुळाचा मध्य कुठेय ते कळत नाही. पण मध्य माहीत नसला तरी स्पर्शिका काढता येते. ते प्रकरण आहे आम्हाला." मग तिनं मला ते समजावलं. मला कळलं नाही. मी तिच्या आवाजाकडे लक्ष देत होते. पाढ्यासारखा सपाट आवाज गेला होता. कुठेतरी ती अडखळत होती, चुकत होती, पुन्हा सांगत होती.

खिडकीकडची मुलगी येऊन उभी राहिली. भाचीनं तिला वाटी दिली. तिनंही वर्तुळं काढली, आणि प्रत्येकात डोळे, नाक, तोंड.

एकोणिसाव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कार्डावर गोळ्यांची नावं, 'पंधरा दिवसांनी दाखवणे', आणि गोल शिक्का. कायद्यात कलम 98 आहे, घरी सोडण्याआधी पुढची आखणी करायची म्हणून. आमची आखणी म्हणजे ती एक ओळ होती. वॉर्डातल्या चोवीस तासांच्या पहाऱ्यातून सरळ घराच्या शांततेत. मधे पायरीच नाही. दिवसभर जाऊन संध्याकाळी परत यायची जागा नाही, आठवड्यातून एकदा घरी डोकावणारं कुणी नाही. पहिले दहा दिवस ताई तिच्या खोलीच्या दारात अंथरूण घालून झोपली. चटई वॉर्डातून घरी आली, एवढाच बदल.

तिला सावरलं ते वर्गशिक्षिकेनं. त्या घरी आल्या, चहा घेतला, आजाराबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, "मार्चची परीक्षा झेपली तर झेपली. नाहीतर जुलैची पुरवणी आहेच की. वर्ष कुठे पळून जात नाही." आणि दर शनिवारी अर्धा तास येत राहिल्या. हे काम एखाद्या बाईंच्या चांगुलपणावर चालावं, हे मला बरोबर वाटत नाही. त्या बाई नसत्या तर काय, हा विचार मला अजून रात्री येतो.

ती मार्चलाच बसली. किती मार्क पडले ते लिहायचं नाही, हे तिनं काढायला लावलेल्या दोन वाक्यांपैकी एक.

जूनमध्ये दाखवायला गेलो तेव्हा तिनं हट्टानं चटई बरोबर घेतली. तीच, निळी-पांढरी, एका कडेला उसवलेली. मी म्हटलं, आता कशाला, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचंय. काही बोलली नाही. बाह्यरुग्ण विभागातलं काम उरकल्यावर ती जिना चढून वॉर्डाकडे गेली. आत सोडत नाहीत, म्हणून जाळीच्या दारातूनच तिनं सिस्टरला हाक मारली. खिडकीकडच्या मुलीची चौकशी केली. ती जानेवारीत बालगृहात परत गेली, पुढचं सिस्टरना माहीत नव्हतं. भाची थोडी थांबली. मग तिनं चटईची गुंडाळी दारातून आत दिली. घडीच्या कोपऱ्यावर काळ्या मार्करनं लिहिलेलं मला तेव्हा दिसलं: 'बरोबर आलेल्यांसाठी. परत नको.'